घशात द्राक्ष, गळवात घड

तोडणीत कात्री लागून निफाडच्या मामांच्या बोटाला गळू झालं. नाशिकला पू तपासायला दिला. रिपोर्ट वाचून त्यांनी मला विचारलं, "हे स्टॅफिलोकोकस काय असतं?"

"मामा, द्राक्षाचा घड!"

ग्रीक भाषेत 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षाचा घड आणि 'कोकस' म्हणजे दाणा. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांना गळवांतल्या पुवात सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंतूंचे झुबके दिसले. १८८२ मध्ये त्यांनी हे नाव दिलं.

पण घडच का? जंतू एकाचे दोन होतात हे आपण शाळेत शिकतो. ते दोन भाग कुठल्या प्रतलात होतात, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. स्ट्रेप्टोकोकस हा दुसरा गोल जंतू दर वेळी एकाच दिशेने विभागतो, म्हणून त्याची माळ होते. स्टॅफिलोकोकसची दुसरी चीर पहिलीशी काटकोनात जाते आणि तिसरी त्या दोन्हींशी काटकोनात. एक लिंबू उभं चिरा, मग आडवं, मग तिसऱ्या बाजूने, तसं. शिवाय नवे जंतू पूर्ण सुटत नाहीत. पेशीभित्तिकेच्या एका कडेला बिजागरीसारखे अडकून राहतात. मणी मण्याला चिकटत जातो आणि वेडावाकडा झुबका तयार होतो. बागेतल्या घडाला देठ असतो, याला तो नाहीच. एकेक मणी जेमतेम १ मायक्रोमीटरचा; हजार ओळीने ठेवले तर १ मिलिमीटर भरेल.

द्राक्ष घशातही आहे. पडजिभेचं वैद्यकीय नाव युव्हुला. लॅटिनमध्ये 'युव्हा' म्हणजे द्राक्ष, युव्हुला म्हणजे छोटंसं द्राक्ष. घसा सुजला की 'पडजीभ पडली' म्हणत बोटाला मीठ लावून ती वर दाबणारे लोक अजून आहेत. कृपा करून हे करू नका. पडजीभ पडत नाही, दाह होऊन सुजते. उलट साधारण दर तिसऱ्या निरोगी माणसाच्या नाकात हाच स्टॅफिलोकोकस मुक्कामाला असतो. नाकातून तो बोटावर येतो आणि आपण तेच बोट सुजलेल्या घशात घालतो.

डोळ्यातही द्राक्ष आहे म्हटल्यावर मामा हसले. मग मी क्रेटमधला एक काळा मणी देठापासून खुडून त्यांच्या तळहातावर ठेवला. डोळ्याचं पांढरं आवरण सोललं की आतला थर असाच काळसर, गोल दिसतो. त्याचं नाव युव्हिया, तेही 'युव्हा'वरूनच. मण्याचा देठ निघाल्यावर राहिलेल्या छिद्राकडे मी बोट दाखवलं: ही बाहुली.