सीआरपी की पीसीआर?

एप्रिल २०२१. मामीचा फोन: "अरे, सीआरपी निगेटिव्ह आलीय, चारच आहे. म्हणजे कोरोना नाही ना?"

अक्षरं तीच तीन, नुसती उलटीपालटी झालेली. त्यात मामीची काय चूक!

पीसीआर नाका-घशाच्या स्वॅबमध्ये विषाणूच शोधते. त्याच्या जनुकाचा तुकडा सापडला की दर फेरीला त्याची संख्या दुप्पट करत जाते. तीस फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर. म्हणून तिची नजर इतकी तिखट. पण मेलेल्या विषाणूचे तुकडेही तिला चालतात, त्यामुळे बरा झालेला माणूस कधीकधी कित्येक आठवडे पॉझिटिव्हच येतो.

सीआरपीत विषाणूचा काडीचाही संबंध नाही. हे आपल्याच यकृतातलं प्रथिन. शरीरात कुठेही दाह झाला की ते रक्तात वाढतं, मग कारण गळू असो, ऑपरेशन असो की संधिवात. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलं. त्यातला 'सी'सुद्धा न्यूमोनियाच्या जंतूवरच्या सी-पॉलिसॅकराइडचा. आकडा लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर गेला की डॉक्टरांना आधी जिवाणूचा संशय येतो. तो खराच ठरेल असं नाही. कोविड बळावला की त्यातही आकडा सहज शंभरी ओलांडतो. उलट सुरुवातीच्या साध्या कोविडमध्ये सीआरपी अगदी नॉर्मलही असते.

मग शरीराच्या प्रतिसादावरून व्हायरल ओळखताच येत नाही का? येतं, पण त्याला दुसरं प्रथिन लागतं: एमएक्सए. विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन हे इशारा देणारं प्रथिन सोडतात आणि त्याच्या हुकमावरून एमएक्सए तयार होतं. जिवाणूंच्या आजारात ते फारसं हलत नाही. फेब्रिडीएक्स नावाच्या किटमध्ये बोटातल्या रक्ताच्या थेंबावर सीआरपी आणि एमएक्सए दोन्ही बघतात, दहा मिनिटांत. मला ही जोडी आवडते: अँटिबायोटिक द्यायचं की नाही, हे ठरवायला तिची मदत होते. विषाणू कोणता, हे मात्र ती सांगत नाही. त्यासाठी परत पीसीआरच.

मामीला रिपोर्टचा फोटो पाठवायला सांगितला. चारपुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. म्हणजे लिटरच्या हिशेबात चाळीस, नॉर्मलपेक्षा बरीच जास्त. दुसऱ्या दिवशी स्वॅब दिला, पॉझिटिव्ह आला.