मूळ कोडला हात न लावता केलेला बदल

वरूड तालुक्यातील एखाद्या संत्र्याच्या बागेत मातीतील ओल मोजणारे संवेदक बसवले आहेत आणि त्यांची आकडेवारी विहिरीजवळच्या खोलीतील साधा राउटर मोबाइल डोंगलमार्फत पाठवतो, असे समजू. शेतीपंपाच्या फीडरवरील वीज गेली की सगळेच बंद पडते आणि ती परत आल्यावर डोंगलला नेटवर्क पकडायला वीसेक सेकंद लागतात. राउटरमधील प्रोग्राम मात्र पाच सेकंद वाट पाहून जोडणीचा नाद सोडतो. दुरुस्ती एका ओळीची आहे: पाचच्या जागी तीस. अडचण अशी की हा प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिलेला आहे, त्याच्या नव्या आवृत्त्या येतच राहणार आणि दर वेळी ती ओळ आठवणीने हाताने बदलणे कोणालाच जमणार नाही.

अशा राउटरवर बहुधा ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली चालवता येते. लिंक्सिस कंपनीने आपल्या एका राउटरचा कोड 2003 मध्ये खुला केला आणि त्याच्या आधारे 2004 मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. आपल्या गरजेनुसार या प्रणालीचे बिल्ड करताना, म्हणजे मूळ कोडपासून ती तयार करताना, संगणक प्रत्येक प्रोग्रामचा मूळ कोड उतरवून घेतो, तो जसाच्या तसा आला आहे का हे पडताळतो, तो उलगडतो, त्या प्रोग्रामच्या ‘पॅचेस’ फोल्डरमधील फायली क्रमाने लावतो आणि त्यानंतरच तो कंपाइल करतो, म्हणजे राउटरला चालवता येईल अशा रूपात आणतो. आपली एका ओळीची दुरुस्ती याच फोल्डरमध्ये एक छोटी फाइल म्हणून राहते; अशा फाइलला ‘पॅच’ म्हणतात. मूळ कोड अस्पर्शित राहतो.

या फाइलचे स्वरूप गावाकडील वाचकाला अनोळखी वाटू नये, कारण ती तलाठ्याकडील फेरफार नोंदीसारखी असते. नोंदीला क्रमांक असतो, ती कोणत्या गटाची हे लिहिलेले असते, जुने नाव कमी होऊन नवे नाव लागते, आणि सातबारावर विकणाऱ्याचे नाव मुळातच नसेल तर ती नोंद मंजूर होऊ शकत नाही. पॅचमध्ये जुन्या ओळीपुढे वजाचे चिन्ह असते, नव्या ओळीपुढे अधिकाचे, आणि माथ्यावर ‘@@ -118,7 +118,7 @@’ असा पत्ता असतो. 118 व्या ओळीपासून सात ओळी घ्या, असा त्याचा अर्थ. त्यांतील बदलायची ओळ एकच, बाकी तीन तिच्या वरच्या आणि तीन खालच्या.

बदलायच्या नसलेल्या या सहा ओळी, म्हणजे संदर्भाच्या ओळी, याच माझ्या मते सर्वांत महत्त्वाच्या आहेत. दोन फायलींतील फरक शोधणारा ‘डिफ’ हा प्रोग्राम बेल प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात तयार झाला आणि त्यामागील रीत जेम्स हंट व डग्लस मॅकिलरॉय यांनी 1976 मध्ये मांडली. परंतु नुसत्या ओळ क्रमांकांवर विसंबले, तर वर कोणी दोन ओळी वाढवताच पुढचे सारे पत्ते चुकतात. लॅरी वॉल यांनी 1985 मध्ये ‘पॅच’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला, तो आजूबाजूच्या ओळी ताडून पाहणारा होता: सांगितलेल्या जागी त्या सापडल्या नाहीत, तर तो मागेपुढे सरकून शोधतो आणि सापडल्या तर तिथे बदल करतो. आज रूढ असलेली वजा-अधिकाची आटोपशीर मांडणी 1990 मधील, वेन डेव्हिसन यांची.

आता खरा धोका पाहू. ओळी तंतोतंत जुळल्या नाहीत, तर पॅच प्रोग्राम प्रथम संदर्भाची सर्वांत वरची व सर्वांत खालची ओळ सोडून देतो, तरीही जुळले नाही तर दोन्हीकडच्या दोन-दोन सोडतो, आणि शेवटी वर एक, खाली एक एवढ्याच साक्षीवर बदल करून टाकतो. त्यातही साक्षीची ओळ म्हणजे नुसता बंद होणारा महिरपी कंस असेल, तर असे कंस त्या फाइलमध्ये जागोजाग असतात. समजा, नव्या आवृत्तीत पाच सेकंद थांबण्याची तीच ओळ डोंगलसाठी एकदा आणि केबलसाठी एकदा अशी दोनदा आली, तर आपले तीस सेकंद केबलच्या वाट्याला जाऊ शकतात. बिल्ड विनातक्रार पूर्ण होते आणि बाग मात्र पूर्वीइतकीच मुकी राहते. याउलट जो पॅच मुळीच लागत नाही, त्याचा नाकारलेला भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवला जातो आणि बिल्ड तिथेच थांबते, ही त्या मानाने सुखाची गोष्ट. म्हणूनच ‘फझ’ असा शब्द, म्हणजे संदर्भाच्या ओळी सोडून बदल केल्याची खूण, पडद्यावर दिसला, तर तो पॅच उघडून डोळ्यांनी तपासावा. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या प्रोग्रामचा पॅच लावणारा आदेश या बाबतीत कडक आहे: सांगितल्याशिवाय तो एकही संदर्भ ओळ सोडत नाही, आणि एक भाग नाकारला गेला तर बाकीचेही लावत नाही.

अनेक पॅच असतील तर क्रमही पाळावा लागतो, कारण दुसरा पॅच पहिल्याने बदललेल्या कोडवर बेतलेला असू शकतो. त्यासाठीच फायलींच्या नावांना 001, 010, 100 असे अंक लावतात आणि मध्ये जागा सोडतात. प्रत्येक पॅचच्या डोक्यावर तो का केला हे दोन ओळींत लिहून ठेवणे सक्तीचे नसते, तरी ते लिहावेच, कारण वर्षभराने पाचचे तीस कशासाठी केले हे करणाऱ्यालाही आठवत नाही.

दुरुस्ती इतरांच्याही कामाची असेल, तर ती प्रोग्रामच्या मूळ लेखकांकडे पाठवता येते. त्यांनी स्वीकारली, तर पुढील आवृत्तीच्या बिल्डमध्ये हा बदल आधीच झालेला दिसतो असे सांगून पॅच प्रोग्राम अडून बसतो, आणि तेव्हा आपली फाइल त्या फोल्डरमधून काढून टाकायची असते.