आवाज कुठं मुरतोय?

सांगलीत विश्रामबागेत राहणाऱ्या भाचीने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी कार्यप्रणाली) टाकलं. यंत्र पळायला लागलं, पण मुकं झालं. व्हिडिओत सरांचे ओठ हलतायत, आवाजाचा पत्ता नाही. दुरुस्तीवाल्याने न उघडताच 'स्पीकर गेला' म्हणून सांगितलं होतं. "मामा, तुम्ही एकदा बघा की," म्हणत ती लॅपटॉप घेऊन डिग्रजला आली.

आमच्याकडे उसाला पाणी पोचलं नाही, तर कृष्णा आटली असं कुणी म्हणत नाही. मोटारीपासून पाटाच्या कडेने चालत जायचं आणि पाणी कुठं फुटलंय, कुणाचं दारं उघडं राहिलंय ते बघायचं. आवाजाचा मागही असाच काढतात.

संगणकातला आवाज म्हणजे आकड्यांची रांग. हवेच्या दाबाचं मोजमाप सेकंदाला बहुधा 48,000 वेळा घेतलेलं असतं. सीडीत 44,100 वेळा. माणसाला फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि लहर नीट पकडायची तर तिच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं, म्हणून एवढे आकडे.

ब्राउझरमधून निघालेले हे आकडे आधी ध्वनी-सर्व्हर नावाच्या प्रोग्रॅमकडे जातात. हा आपला पाटकरी. कुठल्या प्रोग्रॅमचा आवाज कुठल्या दाराने सोडायचा, ते तो ठरवतो. पूर्वी पल्सऑडिओ हे काम बघायचा. आता पुष्कळ ठिकाणी पाइपवायर बघतो. लिनक्सच्या अवतारांपैकी फेडोराने त्याला 2021 मध्ये नेमलं, उबुंटूने 2022 च्या ऑक्टोबरात. त्याच्या खाली, कर्नलमध्ये म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, अल्सा: हा प्रत्यक्ष हार्डवेअरशी बोलतो. शेवटी कोडेक चिप आकड्यांचे विजेचे हेलकावे करते आणि स्पीकरचा पडदा हलतो.

साउंड सेटिंग उघडलं, तर आउटपुटला एचडीएमआय, म्हणजे टीव्हीची केबल. भाचीने आदल्या आठवड्यात लॅपटॉप टीव्हीला जोडला होता. त्या केबलमधून चित्रासोबत आवाजही जातो, म्हणून यादीत ती वेगळी वाट दिसते. केबल काढली की निवड बहुतेक वेळा आपसूक माघारी येते. इथं आली नव्हती. आमचं पाणी शेजारच्या रानात चाललं होतं.

दारं वळवलं, तरी आवाज नाही!

मग पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल उघडलं (नाव जुनं असलं तरी पाइपवायरवरही चालतं). व्हिडिओ लावला की त्यातली पट्टी नाचत होती. म्हणजे सर्व्हरपर्यंत पाणी व्यवस्थित, गळती पुढे. टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) अल्सामिक्सर, म्हणजे अल्साचे आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्रॅम, चालवला. तो सुरुवातीला नुसता एकच मास्टरचा खांब दाखवतो आणि लोक तिथेच फसतात. एफ-6 दाबून खरं साउंड कार्ड निवडावं लागतं. खांबाखाली 'एमएम' दिसलं तर ते दारं बंद आहे, 'एम' दाबून उघडायचं. आमचे सगळे उघडे होते.

खूण दिसली ती भलतीकडे. हेडफोन लावलेला नसताना आउटपुटपुढे 'हेडफोन' लिहिलेलं. जॅकमध्ये पिन आत गेल्याचं ओळखणारा संपर्क असतो आणि पिन आली की स्पीकर गप्प केला जातो. टॉर्च मारला, तर आत धुळीचा गोळा. लॅपटॉप बंद करून ब्लोअर मारला, दोनदा हेडफोन घालून काढला. 'स्पीकर' शब्द परत आला. जॅकच खराब असता, तर पुष्कळ चिपांवर अल्सामिक्सरमध्येच हे आपोआप गप्प करणं, 'ऑटो-म्यूट', बंद करता येतं.

आउटपुटच्या जागी 'डमी आउटपुट' आलं असतं, तर गोष्ट निराळी. तेव्हा लिनक्सला वापरता येईल असं कार्डच सापडलेलं नसतं. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांत ध्वनीसाठी वेगळा प्रोसेसर असतो आणि त्याचं साउंड ओपन फर्मवेअर (त्या प्रोसेसरमध्ये भरायचा प्रोग्रॅम) टाकलेलं नसलं की असं होतं. आवाज तडतडत येत असेल तर हौद तपासायचा. आकडे आधी बफरमध्ये साठतात. 48,000 च्या वेगाने 1,024 मोजमापांचा हौद जेमतेम 21 मिलिसेकंदांत रिकामा होतो. तेवढ्यात प्रोसेसर दुसरीकडे गुंतला, तर धार तुटते. हौद मोठा केला की तडतड थांबते, पण आवाज किंचित उशिरा येतो.

भाचीने मिरजेच्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. तारांच्या घुमाऱ्याने, जवारीने, खोली भरली. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "मामा, डावीकडची जवारी फाटल्यासारखी वाजतेय." कान लावला. डाव्या स्पीकरचा पडदा खरंच गेलेला होता.