सर्व्हरवरून परस्परसंवादी आलेखनिर्मिती

सर्व्हरवर चालणाऱ्या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड (माहिती आणि तिच्यावरील क्रिया एकत्र बांधलेल्या ‘ऑब्जेक्ट’ नावाच्या घटकांनी रचलेल्या) प्रोग्रॅममध्ये आलेखाचे वर्णन तयार करायचे, ते ब्राउझरकडे पाठवायचे आणि प्रत्यक्ष रेखाटन ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेकडून करवून घ्यायचे, अशी ही संकेतस्थळांवरील आलेखांची पद्धत आहे. स्तंभावर माउस नेल्यावर आकडा दिसणे, आकड्यांची एखादी मालिका झाकता येणे, अक्षाचा तुकडा मोठा करून पाहता येणे या सोयी त्यामुळेच शक्य होतात.

पूर्वी चित्रही सर्व्हरच काढीत असे. २००० साली सुरू झालेली जावातील जेफ्रीचार्ट किंवा पीएचपीतील जीडी यांसारख्या लायब्रऱ्या (तयार कोडचे संच) पीएनजी प्रतिमा तयार करीत आणि ब्राउझर ती छायाचित्रासारखी दाखवी. देवनागरी वाचकाला यात एक खास जाच होता. जीडीच्या जुन्या आवृत्त्या अक्षरे एकापुढे एक मांडीत. जोडाक्षरे जुळवणे त्यांना येत नसे. गोव्यातील तालुक्यांचा स्तंभालेख काढला, तर ‘डिचोली’तील वेलांटी ‘ड’च्या पलीकडे जाई, ‘सत्तरी’तील ‘त्त’ पाय मोडून सुटा उभा राही आणि ‘बार्देश’चा रफार खाली उतरे. आकडे बिनचूक असूनही असा आलेख लोकांपुढे ठेवणे अवघडच होते. चित्र काढण्याचे काम ब्राउझरकडे गेले आणि ही अडचण जवळजवळ आपोआप सुटली, कारण देवनागरीची जुळणी ब्राउझर स्वतःच करतो. एसव्हीजी हे सदिश (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांच्या वर्णनातून काढलेल्या) चित्रांचे मानक २००१ सालीच मान्य झाले होते. पण इंटरनेट एक्सप्लोररने ते २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत स्वीकारले. मधल्या काळात फ्लॅश या ब्राउझरला जोडाव्या लागणाऱ्या पूरक प्रोग्रॅमवर बरीच भिस्त होती. नॉर्वेत तयार झालेली हायचार्ट्स ही लायब्ररी २००९ मध्ये आली, तर डीथ्री ही दुसरी जावास्क्रिप्ट लायब्ररी २०११ मध्ये.

सर्व्हरच्या बाजूला आलेख, अक्ष, मालिका आणि शीर्षक यांचे स्वतंत्र क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट घडवण्याचे साचे, असतात. रेषालेख आणि स्तंभालेख एका मूळ क्लासपासून गुणधर्म घेतात. प्रत्येक मेथड (क्लासमधले फंक्शन) तोच ऑब्जेक्ट परत देत असल्याने शीर्षक, अक्ष आणि मालिका एकाच साखळीत लिहिता येतात. या शैलीला २००५ साली मार्टिन फाउलर आणि एरिक इव्हान्स यांनी ‘फ्लुएंट इंटरफेस’ हे नाव दिले. शेवटी संपूर्ण ऑब्जेक्टचे जेसन (माहितीची देवाणघेवाण करण्याचे एक मजकुरी स्वरूप) मजकुरात रूपांतर होते. पीएचपीत त्यासाठीचे फंक्शन ५.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २००६ पासून, अंगभूत आहे.

बहुतेक चुका या रूपांतराच्या सांध्यावरच होतात. सत्तरी तालुक्यातील वाळपईच्या पर्जन्यमापकाची जुलैतील एका दिवसाची नोंद हुकली असेल, तर तिथे ‘नल’, म्हणजे ‘माहिती नाही’ अशी खूण, जायला हवे; शून्य गेले, तर ऐन पावसाळ्यात सत्तरी कोरडी राहिल्याचे दिसेल. डेटाबेसमधून आलेला आकडा अवतरणचिन्हांत राहिला, तर तो मजकूर ठरतो आणि हायचार्ट्स तो नाकारते. जेसनमध्ये फंक्शन मावत नाही, त्यामुळे माउस नेल्यावर दिसणाऱ्या मजकुराची रचना ठरवणारे फंक्शन सर्व्हरवरून पाठवायचे झाल्यास ‘हा मजकूर नसून कोड आहे’ अशी खूण करणारा वेगळा क्लास लागतो. मात्र वापरकर्त्याने भरलेला मजकूर चुकूनही त्या क्लासमधून जाऊ देऊ नये, नाहीतर कोणीही पानात आपला कोड घुसवू शकतो.

तारखांचे प्रकरण अधिक फसवे आहे. जावास्क्रिप्ट वेळ मोजते ती १ जानेवारी १९७० च्या, जागतिक प्रमाणवेळेनुसारच्या (यूटीसी) मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांत. सर्व्हरने १५ जूनची नोंद भारतीय मध्यरात्रीची म्हणून पाठवली, तर जागतिक वेळेनुसार ती १४ जूनच्या सायंकाळी साडेसहाची ठरते; लिस्बनमध्ये बसलेल्या गोंयकाराच्या ब्राउझरने स्थानिक वेळ लावली, तर साडेसातची. दोन्हीकडे आलेखात पाऊस एक दिवस आधी पडतो. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून तीच वेळ नोंदीला जोडणे अधिक प्रामाणिक आणि या उदाहरणात सुरक्षितही आहे.

मराठी अंक आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम यांसाठी सर्व्हरने आकडे सजवून पाठवू नयेत. भाषा मराठी ठरवून दिल्यास ब्राउझरचा अंगभूत संख्या-स्वरूपक ‘३,००,०००’ असे स्वतःच लिहितो आणि मूळ आकडा गणितासाठी शाबूत राहतो.

छापील अहवालाला मात्र स्थिर चित्रच लागते. त्यासाठी सर्व्हरवर पडद्याविना ब्राउझर चालवून त्याच जेसनवरून आलेख काढून घेतात. चित्र पुन्हा सर्व्हरवर तयार होते खरे, पण मराठी फाँट तिथे बसवलेला असेल, तर डिचोलीची वेलांटी जागेवर राहते.