कुत्रा चावल्याचा धसका : पार्श्वभूमी

कुत्रा चावला की पहिला प्रश्न इंजेक्शनचा येतो, आणि यायलाच हवा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की रोगी वाचणं जवळपास अशक्य. मात्र या रास्त भीतीपुढे चाव्याने मनाला झालेली इजा फार काळ कोणाच्या नजरेतच भरली नाही.

6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लुई पाश्चर यांची रेबीजवरची लस टोचली गेली. त्याआधी जखमेला तापल्या लोखंडाचा डाग देणं हा मुख्य इलाज. रेबीज अंगात उमटायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात; तोवर जीव टांगणीला. काही जण तर नुसती हाय खाऊन आजारी पडत. रेबीज झालेला नसतानाही, रेबीजच्या रोग्यासारखाच, त्यांना घास गिळवेना, पाणी पाहिलं की ते दचकत. 19व्या शतकातल्या डॉक्टरांनी अशा रोग्यांची वर्णनं लिहून ठेवली आहेत, पण खरा रेबीज कसा ओळखायचा एवढ्यापुरतीच.

भीतीचा स्वतंत्र अभ्यास पुढच्या शतकातला. 1920 मध्ये वॉटसन आणि रेनर या मानसशास्त्रज्ञांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना मोठा आवाज करून घाबरवलं. मग तो ससा, कुत्रा, फरचा कोट पाहूनही बिचकू लागला. प्रयोग निर्दयी होता, त्याच्या पद्धतीवर टीकाही पुष्कळ झाली. पण एकच कुत्रा चावल्यावर सगळ्याच कुत्र्यांची धास्ती का बसते, याचं उत्तर बरीच वर्षं तिथेच शोधलं गेलं.

ते उत्तर अपुरं निघालं. 1967 मध्ये मानसशास्त्रज्ञ बॅन्डुरा आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना घाबरणाऱ्या लहान मुलांना, त्यांच्याच वयाचा एक मुलगा कुत्र्याशी खेळताना दाखवला; पाहता पाहता बऱ्याच मुलांची भीड चेपली. 1988 मधला डिनार्डो यांचा अभ्यास मला सगळ्यांत बोलका वाटतो. कुत्र्यांना घाबरणाऱ्यांइतकेच वाईट प्रसंग न घाबरणाऱ्यांच्याही वाट्याला आले होते. फरक होता तो अपेक्षेत : घाबरणाऱ्यांना पुढच्या कुत्र्याकडूनही इजा होणारच असं वाटत होतं. शिवाय कुत्रा दिसताच रस्ता बदलणाऱ्याला हा अंदाज चुकीचा ठरल्याचं कधी अनुभवताच येत नाही, म्हणून भीती टिकते. आजचे उपचार हेच चक्र तोडतात : सुरक्षित अंतरावरून सुरुवात करून, सोसवेल तसं हळूहळू कुत्र्याजवळ नेतात.

सगळ्यांचा धसका मात्र एवढ्यावर थांबत नाही. भयंकर प्रसंग उलटून गेल्यावरही तो मनात पुन्हा पुन्हा जागा होत राहतो, त्या आघातोत्तर तणावाच्या विकाराला (पीटीएसडी) अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत 1980 मध्ये जागा मिळाली. युद्धावरून परतलेले सैनिक तेव्हा डोळ्यांसमोर होते. कुत्रा चावलेली मुलं त्या चौकटीत यायला आणखी वेळ गेला. 2004 मध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी अशा 22 मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी 12 जणांत या विकाराची लक्षणं महिन्याहून जास्त काळ टिकली होती. पाच जणांत विकार पूर्ण स्वरूपात, सात जणांत अंशतः. संख्या लहान आहे, त्यावरून सरसकट प्रमाण काढू नये. मुलं ‘मला भीती वाटते’ असं बहुधा म्हणत नाहीत. ती झोपेतून ओरडत उठतात, बाहेर जायचं टाळतात, किंवा खेळात तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घडवतात.