सर्व्हिस रजिस्ट्रीतली नातीगोती, पार्श्वभूमी

डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजे या जावा प्रोग्रॅम्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या लॉगिंग लायब्ररीतला लॉगफोरशेल हा सुरक्षेतला बग बाहेर आला तेव्हा पॅच कुठला हे कळत होतं, पण तो लावायचा कुठे कुठे हेच कुणाला धड सांगता येईना. आमच्याकडे तेव्हा एक एक्सेल शीट होती, त्यात 'डिपेंडन्सी' नावाचा कॉलम, आणि एका ओळीत कुणीतरी कधीकाळी लिहून ठेवलेलं "बिलिंग वगैरे". आता या वगैरेत काय काय येतं ते लिहिणाराच जाणे, आणि तो तर कधीच नोकरी सोडून गेलेला.

सर्व्हिसची, म्हणजे एकमेकींना वापरणाऱ्या प्रोग्रॅम्सची, यादी (तीच रजिस्ट्री) कुणीही करेल हो, कोण कुणावर अवलंबून आहे ते नोंदवताना घाम फुटतो, आणि ही रड आजची नाही. ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेने 1980 च्या दशकाच्या शेवटी आयटीआयएल ही आयटीचा कारभार कसा करावा याची मार्गदर्शक पुस्तकं लिहायला घेतली, त्यातूनच सीएमडीबी, म्हणजे सगळ्या यंत्रणेच्या नोंदींचा डेटाबेस, रुळली. सर्व्हर असो नाहीतर सॉफ्टवेअर, प्रत्येकाची नोंद करायची आणि त्यांच्यातली नातीही नोंदवायची. कल्पना झकास, फक्त बरंचसं हाताने भरायचं म्हणजे भरून होईतो शिळं.

मग सप्टेंबर 2000 मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबाने यूडीडीआय आणलं, जगभरच्या वेब सर्व्हिसेसची जणू टेलिफोन डिरेक्टरीच. त्याच्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये 'पब्लिशर असर्शन' नावाचा प्रकार आला तो मला अजूनही भारी वाटतो. अमकी कंपनी आमची पालक कंपनी आहे असं एकीने नोंदवलं तरी ते नातं अर्धवटच धरायचं, समोरचीनेही तीच नोंद केली की मगच जगाला दिसणार, म्हणजे सोयरीक जुळल्यासारखं, दोन्हीकडून होकार पाहिजे! पण हे सगळं कंपनी-कंपनीतलं, ही सर्व्हिस पडली तर ती पडेल का हे सांगायला तसा खास प्रकार नव्हताच. सार्वजनिक यूडीडीआय रजिस्ट्री 2006 च्या जानेवारीत बंद झाली, फार कुणी रडलं नाही.

ईबीएक्सएमएल हे कंपन्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचं मानक बनवणाऱ्यांनी त्याच काळात एक शहाणपणाचं काम केलं होतं, नात्यालाच स्वतंत्र नोंद दिली: कुठून, कुठे आणि कुठल्या प्रकारचं. ऐकायला किरकोळ वाटतं पण त्यामुळे नात्याबद्दलही माहिती ठेवता येते.

नंतर श्रीलंकेतल्या डब्ल्यूएसओटू या सॉफ्टवेअर कंपनीची गव्हर्नन्स रजिस्ट्री आली, तिथे या नात्यांना असोसिएशन म्हणतात. डब्ल्यूएसडीएल फाइल (सर्व्हिस कशी वापरायची त्याचं वर्णन) इम्पोर्ट केली की तिच्यातल्या स्कीमा (डेटाच्या रचनेच्या फाइली) रजिस्ट्री स्वतःच शोधणार, इकडून 'डिपेंड्स' आणि तिकडून 'यूज्ड बाय' असे दोन्ही बाण आपोआप. मामा-भाच्यासारखं आहे हे, नातं एकच पण कुठल्या बाजूने बघता त्यावर नाव ठरतं. आणि गंमत म्हणजे घोळ झाल्यावर लागतो तो नेहमी उलटा बाण, मी कुणाला वापरतो हे माझ्या कोडमध्ये दिसतंच, मला कोण वापरतं ते शोधायला मात्र रजिस्ट्रीच लागते.

मधे मायक्रोसर्व्हिसेसच्या, म्हणजे एक मोठा प्रोग्रॅम छोट्या छोट्या सर्व्हिसेसमध्ये फोडायच्या, लाटेत नेटफ्लिक्सचं युरेका वगैरे आलं (2012 मध्ये ओपन सोर्स), पण त्याला फक्त कोण जिवंत आहे आणि कुठल्या पत्त्यावर, एवढंच विचारायचं.

नाती परत मुख्य जागी आली ती स्पॉटिफायच्या बॅकस्टेज या सर्व्हिस कॅटलॉगमुळे, मार्च 2020 मध्ये ते ओपन सोर्स झालं. इथे टीमने आपल्या कोडशेजारीच एक यॅमल (साध्या मजकुरात लिहिलेली) फाइल ठेवायची, त्यात 'डिपेंड्स ऑन' एकाच बाजूने लिहायचं, 'डिपेंडन्सी ऑफ' हा उलटा बाण कॅटलॉग स्वतः काढतो. माझ्या मते हेच बरोबर, कारण दोन्ही बाजू हाताने लिहायला लावल्या की महिन्याभरात त्या एकमेकींशी भांडायला लागतात. मालक कोण हेही तिथे एक नातंच, 'ओन्ड बाय', आणि रात्री 2 वाजता फोन करायचा असतो तेव्हा सगळ्यात आधी तेच बघितलं जातं.

दुसरीकडे गुगलच्या 2010 च्या डॅपर पेपरनंतर ट्रेसिंग, म्हणजे एक विनंती कुठल्या कुठल्या सर्व्हिसमधून जाते त्याचा माग ठेवणं, पसरलं, ट्विटरचं झिपकिन त्यातलंच, तिथे बाण कुणी लिहितच नाही, खऱ्या कॉल्सवरून काढले जातात. मग यॅमल कशाला असं आमच्यातले काहीजण म्हणायचे. पण तीन महिन्यांतून एकदा चालणारा तो तिमाही रिपोर्टचा जॉब असतो ना, गेल्या आठवड्याच्या ट्रेसमध्ये त्याचा मागमूस नसतो, आणि तेवढं बघून कुणीतरी त्याला लागणारी एपीआय बंद करून टाकतं.