मोझांबिक : युद्धोत्तर वाहतूक आणि दळणवळण

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील मोझांबिक या देशात १९७७ ते १९९२ या काळातील यादवी युद्धाने मोडून पडलेली रेल्वे, रस्ते, पूल, बंदरे आणि दूरसंचार यांची व्यवस्था पुन्हा उभी करण्याची प्रक्रिया. फ्रेलिमो पक्षाचे सरकार आणि रेनामो ही बंडखोर संघटना यांच्यात ४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोम येथे शांतता करार झाला. त्या वेळी सुमारे दहा लाख माणसे मरण पावली होती, पन्नास लाखांच्या आसपास लोक घरादाराला मुकले होते आणि देशाच्या एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जमिनीवरून सुरक्षितपणे जाणे जवळजवळ अशक्य झाले होते. पुनर्बांधणीला तीन दशके उलटून गेली आहेत. या काळात देशाला शेजाऱ्यांशी जोडणारे मार्ग लवकर सावरले, परंतु देशाला स्वतःशी जोडणारे मार्ग फार उशिरा आणि अपुरे उभे राहिले. या असमतोलाचे मूळ युद्धाच्याही आधीच्या काळात आहे.

मोझांबिकचा किनारा सुमारे अडीच हजार किलोमीटर लांब असून देश उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. पोर्तुगीज राजवटीत बांधलेले लोहमार्ग मात्र पूर्व-पश्चिम धावतात. दक्षिणेत मापुतो (पूर्वीचे लोरेन्सु मार्किश) बंदरापासून दक्षिण आफ्रिका, स्वाझीलँड (आताचे एस्वातिनी) आणि झिंबाब्वेकडे, मध्यभागी बेइरापासून झिंबाब्वे आणि मलावीकडे, तर उत्तरेत नाकालापासून मलावीकडे असे तीन स्वतंत्र संच तयार झाले. १,०६७ मिमी. रुंदीच्या या तिन्ही संचांना देशाच्या हद्दीत एकमेकांशी जोडणारा रूळ आजही नाही. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या खाणींतील माल, ऱ्होडेशियातील (आजचा झिंबाब्वे) शेतमाल आणि न्यासालँडचा (आजचा मलावी) चहा समुद्रापर्यंत नेणे हा या मार्गांचा हेतू होता. त्याच गाड्यांतून दक्षिण मोझांबिकमधील तरुण मजूर म्हणून जोहान्सबर्गच्या खाणींकडे जात. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातील व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता आणि त्यानंतरही अनेक गोमंतकीय कुटुंबे तेथील सरकारी कचेऱ्यांत नोकरीला होती. रेल्वे आणि बंदरे ही वसाहतीच्या उत्पन्नाची मोठी साधने असल्याने त्यांचे हिशेब सांभाळणाऱ्यांतही हे लोक होते.

२५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला आणि पोर्तुगीज वस्तीतील बहुसंख्य लोक अल्पावधीत निघून गेले. इंजिनचालक, सिग्नल सांभाळणारे, यंत्रशाळेतील कारागीर, टेलिफोन केंद्रातील तंत्रज्ञ अशा कुशल जागा प्रामुख्याने त्यांच्याकडेच असल्यामुळे, युद्धाचा पहिला बार उडण्यापूर्वीच या सेवा खिळखिळ्या झाल्या होत्या. मार्च १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांनुसार ऱ्होडेशियाची सीमा बंद केली. तत्त्वासाठी घेतलेल्या या निर्णयाची किंमत मोठी होती, कारण बेइरा बंदराचा आणि तेथून जाणाऱ्या रेल्वेचा बराचसा माल ऱ्होडेशियाचाच होता.

रेनामोची उभारणी ऱ्होडेशियाच्या गुप्तचर यंत्रणेने केली आणि १९८० नंतर तिला दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने पोसले. त्या वर्षी स्थापन झालेल्या आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील देशांच्या विकास समन्वय परिषदेत (साडक) मोझांबिककडे वाहतुकीची जबाबदारी आली आणि तिच्या वाहतूक-दळणवळण आयोगाचे कार्यालय मापुतो येथे उघडले. समुद्रकिनारा नसलेल्या झिंबाब्वे, झांबिया आणि मलावी या देशांना दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांवर विसंबून राहावे लागू नये, हा त्यामागील हेतू होता. त्यामुळे लोहमार्ग, पूल आणि तेलवाहिन्या ही सुरुवातीपासूनच युद्धातील लक्ष्ये झाली. डिसेंबर १९८२ मध्ये बेइरा येथील तेलसाठ्यांवर दक्षिण आफ्रिकेच्या कमांडोंनी हल्ला केला. झिंबाब्वेने आपले सैन्य पाठवून बेइरा ते झिंबाब्वेतील मुतारे हा मार्ग आणि त्याच्या बाजूने जाणारी तेलवाहिनी राखली; त्यामुळे बेइरा मार्ग कसाबसा चालू राहिला, परंतु बेइराहून सेना या गावावरून मोआतीझेकडे जाणारा लोहमार्ग (सेना मार्ग) पूर्णपणे ठप्प झाला. महामार्गांवर वाहने लष्करी संरक्षणात ताफ्याने चालत आणि तरीही हल्ल्यांत सापडत. प्रांतिक राजधान्यांना अन्न, औषधे आणि पगाराचे पैसे विमानाने किंवा किनाऱ्यालगतच्या जहाजांनी पोचवावे लागत.

शांतता झाल्यावर पहिला प्रश्न रूळ किंवा डांबराचा नव्हता, तर पाऊल कोठे ठेवायचे याचा होता. पुलांचे पाये, रेल्वेचे भराव, विजेच्या वाहिन्यांचे मनोरे आणि पाणवठे यांच्याभोवती दोन्ही बाजूंनी भूसुरुंग पेरले होते. त्यांचे नकाशे क्वचितच उपलब्ध होते आणि पावसाळ्यातील पुरांनी अनेक सुरुंग मूळ जागेवरून सरकले होते. रस्त्याच्या कामावर जाणाऱ्या तुकडीपुढे सुरुंग शोधणारी तुकडी चालत असे. गुडघ्यावर बसलेला एक माणूस जेमतेम मीटरभर रुंदीच्या पट्टीतील गवत कातरतो, धातुशोधक फिरवतो, आवाज आला तर सळईने तिरकस टोचून पाहतो आणि मगच पट्टीची खूण पुढे सरकवतो. काम या गतीने चालत असल्याने रस्त्याच्या अंदाजपत्रकातील मोठा वाटा आणि वेळेतील त्याहून मोठा वाटा डांबराच्या आधीच खर्ची पडे. हॅलो ट्रस्ट या संस्थेने एकट्याने १ लाख ७० हजारांहून अधिक सुरुंग काढले. काही ठिकाणी वासावरून स्फोटक ओळखणारे प्रशिक्षित मोठे उंदीरही वापरले गेले. १७ सप्टेंबर २०१५ रोजी देश भूसुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर झाले. शेवटचा ज्ञात सुरुंग एका रेल्वे पुलाच्या पायथ्याशी होता. युद्ध संपून तोवर तेवीस वर्षे झाली होती, आणि पुनर्बांधणीच्या हिशेबात हा काळ धरला नाही तर तिचा वेग कोणालाच नीट समजणार नाही.

झांबेझी नदीवरील सेना आणि मुतारारा यांना जोडणारा डोना आना पूल या साऱ्या इतिहासाचा सारांश म्हणता येईल. १९३० च्या दशकात मलावीकडे जाणाऱ्या रेल्वेसाठी बांधलेला हा सुमारे ३.७ किमी. लांबीचा लोखंडी पूल त्या काळी आफ्रिकेतील सर्वांत लांब रेल्वे पुलांपैकी एक होता. युद्धात रेनामोने त्याचे गाळे सुरुंगाने उडवले. १९९५ मध्ये अमेरिकेच्या मदतीने तो दुरुस्त झाला, पण रेल्वेसाठी नव्हे. रुळांच्या जागी फरशी घालून त्यावरून मोटारी जाऊ लागल्या, कारण निर्वासितांना परत येण्यासाठी आणि धान्य पोचवण्यासाठी त्या क्षणी रस्ता अधिक गरजेचा होता. एकाच वाहनाची रुंदी असल्याने एका बाजूची वाहने पार होईपर्यंत दुसऱ्या बाजूची थांबून राहत. पुढे तेते प्रांतातील मोआतीझे येथील कोळशाला मागणी येताच पूल २००६ मध्ये मोटारींसाठी बंद झाला आणि काही वर्षांत पुन्हा रेल्वेकडे गेला.

बेइरा ते मोआतीझे या सुमारे ५७५ किमी. लांबीच्या सेना मार्गाच्या पुनर्बांधणीचे आणि तो चालवण्याचे कंत्राट २००४ मध्ये राइट्स आणि इरकॉन या भारत सरकारच्या कंपन्यांच्या गटाला मिळाले. मोझांबिकची सरकारी रेल्वे व बंदर कंपनी (सीएफएम) त्यात भागीदार होती. काम रेंगाळले, दर्जाबाबत मतभेद झाले आणि २०११ च्या सुमारास सरकारने हा करार संपवून मार्ग सीएफएमकडे परत घेतला. त्याच वर्षी ब्राझीलच्या व्हाले कंपनीचा पहिला कोळसा या मार्गाने बेइरा बंदरात पोचला. सेना मार्गाची वहनक्षमता कमी आणि पुंग्वे नदीच्या मुखाशी असलेले बेइरा बंदर गाळाने सतत उथळ होणारे, म्हणून व्हालेने मलावीच्या भूमीतून नाकालापर्यंत सुमारे ९०० किमी. लांबीचा दुसरा मार्ग तयार केला. नाकालाला नैसर्गिक खोल बंदर लाभले आहे. २०२२ मध्ये व्हालेने खाण आणि या मार्गातील आपला वाटा भारतातील जिंदाल समूहाशी संबंधित वल्कन कंपनीला विकला. याच मार्गाच्या नांपुला ते कुआंबा या टप्प्यावर चालणारी प्रवासी गाडी परिसरातील शेतकऱ्यांची खरी बाजारपेठ आहे : प्रत्येक स्थानकावर कांदे, कोबी, केळी, कोंबड्या खिडकीतून आत-बाहेर होतात आणि गाडी सुटेपर्यंत व्यवहार चालतात. कोळशाच्या वाघिणींच्या तुलनेत या गाडीचे उत्पन्न नगण्य असले, तरी रेल्वेने या देशातील माणसाला प्रत्यक्ष काय दिले हे पाहायचे असेल, तर ते येथेच दिसते.

रस्त्यांच्या बाबतीत पहिले मोठे यशही सीमेकडे जाणारेच होते. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेष संपल्यानंतर १९९६ मध्ये नेल्सन मंडेला आणि मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष जुआकीम शिसानो यांनी मापुतो विकास पट्ट्याची सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेतील विटबँक ते मापुतो हा पथकर मार्ग ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ या तत्त्वावर तीस वर्षांच्या कराराने खाजगी कंपनीकडे देण्यात आला. मापुतोजवळ मोझाल हा ॲल्युमिनियम प्रकल्प उभा राहिला, २००३ मध्ये मापुतो बंदरही खाजगी-सरकारी भागीदारीत गेले आणि या पट्ट्यातील मालवाहतूक वेगाने वाढली. येथे पैसा गुंतवणाऱ्याला परताव्याची खात्री होती; उत्तर-दक्षिण मार्गावर ती नव्हती.

तो मार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १. तो मापुतोपासून सावे आणि झांबेझी या नद्या ओलांडून उत्तरेकडील पेंबाच्या दिशेने जातो. जागतिक बँकेच्या आणि इतर देशांच्या मदतीने १९९० च्या दशकात रस्ते व किनारी जलवाहतुकीचा कार्यक्रम हाती घेण्यात आला, १९९९ मध्ये रस्त्यांसाठी स्वतंत्र प्रशासन (एएनई) स्थापन झाले आणि टप्प्याटप्प्याने डांबरीकरण झाले. तरीही काया येथे झांबेझीच्या काठी महामार्ग संपत असे आणि वाहनांना फेरीबोटीची वाट पाहावी लागे. नदीला पूर आला किंवा बोट नादुरुस्त झाली, तर मालमोटारींची रांग कित्येक दिवस हलत नसे. नाशवंत माल तेथेच फेकून द्यावा लागे आणि काठावर टपऱ्यांची वस्तीच वसली होती. १ ऑगस्ट २००९ रोजी युरोपीय संघ, इटली आणि स्वीडन यांच्या साहाय्याने बांधलेला २,३७६ मी. लांबीचा पूल खुला झाला आणि स्वातंत्र्यानंतर चौतीस वर्षांनी देशाचे दोन भाग या महामार्गावर अखंड जोडले गेले. मापुतोच्या उपसागरावरील काटेंबेचा झुलता पूल (२०१८) याहून प्रसिद्ध आहे, पण देशाच्या दृष्टीने कायाच्या पुलाचे महत्त्व कितीतरी अधिक आहे.

वर्गीकृत रस्ते सुमारे ३० हजार किमी. असून त्यांपैकी चौथाईच्या आसपासच डांबरी आहेत. उरलेल्या मातीच्या आणि मुरुमाच्या रस्त्यांवर खेडी अवलंबून असतात. या रस्त्यांसाठी यंत्रांऐवजी स्थानिक मजुरांकडून कुदळ-फावड्याने काम करून घेण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने युद्धकाळातच सुरू झाली होती आणि शांततेनंतर ती वाढवण्यात आली. त्यामुळे परतलेल्या कुटुंबांच्या हाती रोख मजुरी आली. अडचण देखभालीची आहे. मोऱ्या तुंबल्या की एका पावसाळ्यात भराव वाहून जातो, आणि नव्या रस्त्याला जसा देणगीदार मिळतो तसा मोरी उपसायला मिळत नाही. प्रवासासाठी लोकांची भिस्त ‘शापा’ नावाच्या खाजगी मिनीबसवर असते. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांचे भाडे वाढताच मापुतोत दंगल उसळली आणि सरकारला इंधनाचा भार स्वतःवर घ्यावा लागला.

दूरसंचाराची कथा वेगळी आहे, कारण तेथे जुन्या साच्याचे ओझे नव्हते. युद्धात शहरांबाहेरील टेलिफोनच्या तारा आणि प्रक्षेपण केंद्रे नष्ट झाली होती आणि त्या तशाच पुन्हा ओढण्याच्या फंदात फारसे कोणी पडले नाही. १९९० च्या दशकात एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठाने आफ्रिकेतील सुरुवातीच्या इंटरनेट जोडण्यांपैकी एक सुरू केली. १९९७ मध्ये एमसेल ही सरकारी मोबाईल सेवा, २००३ मध्ये व्होडाकॉम आणि २०१२ मध्ये व्हिएतनामच्या व्हिएटेल कंपनीच्या भागीदारीतील मोव्हिटेल सुरू झाली. मोव्हिटेलने प्रकाशतंतूंचे जाळे जिल्ह्यांपर्यंत नेले आणि ग्रामीण भागात मनोरे उभारले. स्वतः युद्धातून सावरलेल्या व्हिएतनामचा अनुभव येथे कामी आला, असे मानायला जागा आहे. सीकॉम (२००९) आणि ईसी (२०१०) या सागरी केबलींमुळे उपग्रहावरील महागडे अवलंबित्व घटले. सप्टेंबर २०१० मध्ये पाव आणि विजेच्या दरवाढीविरुद्ध मापुतोतील निदर्शने मोबाईल संदेशांवरून पसरली. त्यानंतर सरकारने सिमकार्डांची नोंदणी सक्तीची केली. निरक्षरता मोठी असलेल्या आणि अनेक बांटू भाषा बोलणाऱ्या या देशात सामुदायिक रेडिओ केंद्रांनी जे काम केले, ते मोबाईलइतकेच मोलाचे आहे. सरकारी टपालसेवा मात्र २०२१ मध्ये बंद करण्यात आली.

पुनर्बांधणीवर निसर्गाचे आणि नव्या संघर्षाचे घाव पडतच राहिले. २००० च्या महापुरात लिंपोपोच्या खोऱ्यातील लोहमार्ग आणि महामार्ग वाहून गेले. मार्च २०१९ मधील इदाई चक्रीवादळाने बेइरा शहर रस्ते आणि मोबाईल या दोन्ही अंगांनी काही दिवस तोडले. २०१३–१४ मध्ये रेनामोशी पुन्हा चकमकी झडल्या, तेव्हा सावे ते मुशुंग्वे या पट्ट्यात महामार्गावरील वाहने लष्करी ताफ्याने न्यावी लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये नवा शांतता करार झाला. २०१७ पासून काबो देल्गादो प्रांतात सशस्त्र इस्लामी गटांनी हिंसाचार चालवला असून मोसिंबोआ दा प्राइया आणि पाल्मा ही गावे हल्ल्यांत सापडली. तेथे रस्ते तुटले, मोबाईल मनोरे पाडले गेले, लाखो लोक पेंबा व नांपुलाकडे विस्थापित झाले आणि नैसर्गिक वायूच्या प्रकल्पासाठी आखलेल्या सोयींचे काम थांबले. रवांडा आणि शेजारी देशांच्या सैन्याच्या मदतीने २०२१ पासून काही गावे परत मिळाली, परंतु प्रांताच्या उत्तर भागातील रस्ते अजून निर्धोक नाहीत.